चार सुटी वाक्यं

१

पेन ड्राइव्ह कुणीतरी अध्यक्षांच्या घराच्या दाराखालून आत सरकवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो शब्दकोशाच्या कचेरीतल्या लांब टेबलावर वाजत होता. त्यात एका पोक्त बाईचा आवाज होता. शब्द स्वच्छ होते आणि मागे कसलाही गोंगाट नव्हता.

"लोकांना वाटतं की शब्दकोशासाठी माणसं मनाने बोलतात, ॲक्च्युअली त्या माणसांना वाक्यं आधी लिहून दिलेली असतात. आवाज टिपणाऱ्या बाईने ॲक्च्युअली माझ्या हातात नवं घड्याळ ठेवलं! आवाज टिपणाऱ्या बाईने माझ्याकडून वदवून घेतलेलं एकही वाक्य मी ॲक्च्युअली कधी बोललेले नाही. ॲक्च्युअली, मला शब्दकोशातल्या खोटेपणाबद्दल तक्रार करायची आहे."

"पुन्हा लावा," दुभाषीबाई म्हणाल्या.

"अगं बेबी, किती वेळा ऐकशील?" अध्यक्ष वैतागले. साठी उलटली तरी थोरल्या भावाच्या तोंडी त्या अजून बेबीच होत्या. "सरळ आहे सगळं. त्या बाईने दोन वर्षं आम्हाला बनवलं. संध्याकाळी बैठक आहे. तिला काढायचं, तिने गोळा केलेले सगळे आवाज पुसून टाकायचे, की विषय संपला. तू फक्त बाहेरची म्हणून चौकशी केलीस एवढं दिसलं की झालं."

दुभाषीबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. जन्मभर त्यांनी कोर्टात साक्षीदारांचं बोलणं एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेलं होतं. दादाशी मात्र त्या आईच्या आजारपणापासून एकाही भाषेत बोलत नव्हत्या. तेव्हा दादा एक रात्र थांबला नाही, आणि आई गेल्यावर चारचौघांत डोळे पुसत सगळ्यांत पुढे उभा राहिला. आज त्याने बोलावलं कशाला, तर फुकटात येईल असं दुसरं कुणी त्याच्या ओळखीचं नव्हतं म्हणून.

"शिक्का मारायला बोलावलं असशील तर चुकलास, दादा. मी चौकशी करणार. आणि संध्याकाळपर्यंत काहीही पुसायचं नाही."

"आणि तीच चोर निघाली तर?"

"तर मी स्वतः तिला दारापर्यंत पोचवीन. आणि दुसरं कुणी निघालं तर त्याला तू पोचवायचंस."

अध्यक्षांनी मान वळवली. बोलावलं तेव्हा बहीण भांडेल एवढंच त्यांनी धरलं होतं. ती खरंच काम करायला लागेल हे त्यांच्या हिशेबात नव्हतं.

२

जिच्यावर बालंट आलं होतं तिला कचेरीत सगळे फिरतीबाई म्हणत. मराठी माणसं बोलताना इंग्रजी शब्द कसे वापरतात हे टिपायला ती केशकर्तनालयांत, दवाखान्यांच्या बाकांवर, गॅरेजांत आणि शाळांच्या फाटकांपाशी हातभर यंत्र घेऊन हिंडे. नव्या आवृत्तीत प्रत्येक शब्दाखाली अशा खऱ्या माणसांची वाक्यं जाणार होती. सध्या काम चाललं होतं ते 'ॲक्च्युअली'वर, आणि त्या एका क्रियाविशेषणापायी कचेरीत कुणाचं कुणाशी धड राहिलं नव्हतं.

"मला काही सांगायचं नाही," फिरतीबाई म्हणाली. तिने खुर्चीसुद्धा दिली नाही. "तुम्ही अध्यक्षांच्या बहीण ना? मग लिहूनच आणलं असेल."

"भावाशी माझं पटत असतं तर मी इथे आलेच नसते. आवाज ओळखीचा आहे?"

"नाही. मी टिपलेला नाही. माझी माणसं मी आवाजावरून ओळखते."

"मग त्या माणसांना आणून उभं करा. सांगू देत, वाक्यं त्यांची का तुमची."

"नाही आणता येत. नाव कुठेही सांगणार नाही असा शब्द दिलाय प्रत्येकाला. म्हणून तर ती मोकळी बोलली. हे ज्याने केलं ना, त्याला हे ठाऊक आहे. मी शब्द मोडला तरी मेले आणि नाही मोडला तरी मेले."

दुभाषीबाईंनी शेवटी स्वतःच खुर्ची ओढली. "काय सापडलं या शब्दात एवढं?"

"शाळेत शिकवतात ॲक्च्युअली म्हणजे खरोखर. पण खरोखर म्हणायला हा शब्द फार थोडे वापरतात. दुसऱ्याचा समज खोडायचा असेल, की ॲक्च्युअली. चक्क म्हणायचं असेल, की ॲक्च्युअली. अवघड विषय काढायचा असेल, तरी तेच. आपल्याकडे तर माणूस समोरच्याला दुखावण्याआधी हळूच पाऊल टाकावं तसा हा शब्द टाकतो. दोन वर्षं पायपीट करून मी एवढंच शिकले." ती कडवट हसली. "आणि ते आज संध्याकाळी पुसणार."

"तुमच्यावर एवढा राग कुणाचा?"

"माझ्या सासऱ्यांचा," ती म्हणाली. "वरच्या खोलीत बसतात. प्रधान संपादक आहेत ते."

३

प्रधान संपादकांना सगळे मास्तर म्हणत. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या मुक्कामालाच होत्या. दुभाषीबाईंनी सुनेचा विषय काढताच त्यांनी चष्मा काढून टेबलावर आपटला.

"सून होती. माझ्या मुलाचं घर सोडून गेली ती."

"मुलगा काय म्हणतो?"

"तो म्हणतो, माझीच चूक होती. गाढव आहे तो."

"तिला नोकरी तुम्हीच दिलीत ना?"

"लग्नाआधी. आमच्या घरात येण्याआधी ती हुशार होती." मास्तर खुर्चीतल्या खुर्चीत वळले. "आणि तो शब्द माझ्यासमोर काढू नका. ॲक्च्युअलीचा अर्थ एकच, प्रत्यक्षात. बाकी सगळी लोकांची तोंडाळ सवय आहे. ते चक्कबिक्क माझ्या शब्दकोशात मी जिवंत असेपर्यंत येणार नाही."

"म्हणजे आवाज पुसले गेले तर तुमच्या मनासारखं होईल."

"होईलच!" मास्तर उठून उभे राहिले. "पण मनासारखं व्हावं म्हणून मी कुणाच्या दाराखालून काही सरकवत नाही. मला काय बोलायचं ते मी तोंडावर बोलतो. विचारा हवं तर त्या पोरीला."

मास्तर खोटं बोलतायत असं दुभाषीबाईंना वाटलं नाही. एवढा उघड दुस्वास करणाऱ्या माणसाजवळ काही लपवायला शक्तीच उरत नाही. पण वाटण्याला पुरावा म्हणत नाहीत, म्हणून त्या शेजारच्या खोलीत गेल्या.

तिथे उपसंपादक बसला होता. दुसऱ्याचा मजकूर दिसला की त्यातलं निम्मं उडवल्याशिवाय त्याला जेवण जात नसे, म्हणून त्याचं नाव पडलं होतं कात्री. बोलणं मात्र लोण्यासारखं.

"बसा ना ताई. वाईट झालं हो. ती गेली तर नव्या आवृत्तीचं काय, हीच मला काळजी."

"तिची का शब्दकोशाची?"

"माझी." कात्री निर्लज्जपणे हसला. "खऱ्या माणसांची वाक्यं असलेला कोश दुसऱ्या कुणाकडे नाही. तो निघाला की मास्तर निवृत्त आणि मी त्यांच्या खुर्चीत. ती गेली, की उन्हातान्हात मला हिंडायला लागेल. मी कशाला माझ्याच पायावर धोंडा पाडून घेऊ?"

"म्हणजे तिचं काम चांगलं आहे."

"चांगलं कसलं! माझं डोकं उठवलंय. आमची जुनी उदाहरणं कशी सुटसुटीत असत. त्यात नाव नको, गाव नको, आणि मागचंपुढचं ठाऊक नसताना नुसतं ते वाक्य वाचून कळलं पाहिजे. मूल पान मधूनच उघडतं ना! आणि हिची माणसं? 'तिने ते तिथे ठेवलं.' कुणी? काय? कुठे? मला कापायला धड टोकही सापडत नाही."

दुभाषीबाई जिन्यावर आल्या आणि एकाएकी थांबल्या. कात्रीने आत्ता काहीतरी मोलाचं सांगितलं होतं आणि ते त्याचं त्यालाच कळलं नव्हतं. नेमकं काय, ते मात्र त्यांच्याही हाताला लागेना.

४

तळमजल्याच्या टोकाला आवाज साठवायची खोली होती. तिथला माणूस कचेरीत कानसेन म्हणून ओळखला जाई. त्या दिवशी दुभाषीबाईंची हसून विचारपूस करणारा तो पहिलाच. त्याने पंखा त्यांच्या बाजूला वळवला आणि चहा मागवला.

"पोर गुणी आहे हो," तो म्हणाला. "तिने आणलेले आवाज मीच साफ करतो. कुणाची खोकल्याची उबळ काढ, कुणाच्या मागचा हॉर्न काढ. तिच्याबद्दल वाईट बोलवत नाही मला."

"या पेन ड्राइव्हमध्ये तुकडे जोडलेत का?"

"अजिबात नाही. तुम्ही दुसऱ्या कुणालाही दाखवा. एका दमात बोललीय बाई. कुठे कापलेलं नाही, जोडलेलं नाही."

"वाचल्यासारखं वाटत नाही?"

"छे. सहज बोलतेय."

"तुम्ही पहिल्यापासून याच खोलीत?"

"नाही, नाही. वर होतो. खिडकीपाशी टेबल होतं माझं. यंत्रं आली तसं मला खाली आणलं." त्याने हेडफोनची वायर बोटाला गुंडाळली. "शब्दाच्या खाली तिरप्या अक्षरांत जे असतं ना, ते माझ्याकडे होतं. कोण वाचतंय म्हणा ते."

दुभाषीबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "मला त्या पोरीने टिपलेलं एखादं खरं बोलणं ऐकवा. कुठलंही चालेल."

कानसेनने एका केशकर्तनालयातल्या बाईचा आवाज लावला.

"ॲक्च्युअली ना, ती आली तेव्हाच मी म्हटलं होतं. ॲक्च्युअली ते तिचं नव्हतंच, पलीकडच्या खुर्चीवालीचं होतं. मग हिने ते माझ्यावरच ढकललं, ॲक्च्युअली ना. मी म्हटलं जाऊ दे, ॲक्च्युअली कशाला बोला."

दुभाषीबाईंना हसू आलं. ती म्हणजे कोण, ते म्हणजे काय, हे विचारण्यातच त्यांची कोर्टातली सगळी हयात गेली होती. साक्षीदार सज्जन असो नाहीतर बदमाश, त्याला थांबवून हे विचारावंच लागे. आणि मग त्यांचं हसू एकदम विरलं. पेन ड्राइव्हमधल्या बाईला त्यांनी सकाळपासून कितीदा ऐकलं होतं, पण तिला विचारण्यासारखं त्यांच्याजवळ काहीच नव्हतं.

"एक काम करा," त्या शांतपणे म्हणाल्या. "हे दोन्ही आवाज घ्या आणि वाक्यं उलटीसुलटी करून द्या. शेवटचं पहिलं, पहिलं मधे, कसंही. बैठकीत लावायचंय."

"आत्ता करतो," कानसेन म्हणाला, आणि कामाला लागला. पेन ड्राइव्हचं काम चुटकीसरशी झालं. केशकर्तनालयातल्या बाईपाशी तो अडला. "हिचं नाही जमत हो. अर्थच लागत नाही."

"असू दे. तसंच द्या."

५

बैठकीला सगळे होते. अध्यक्ष घड्याळाकडे बघत होते, मास्तर भिंतीकडे आणि कात्री सगळ्यांकडे. फिरतीबाई दाराजवळ बसली होती. कचेरीतल्या आपल्या कपाटाची किल्ली तिने आधीच टेबलावर ठेवून दिली होती.

"आटप, बेबी," अध्यक्ष म्हणाले.

"सकाळचाच आवाज पुन्हा ऐका. काही वेगळं वाटतंय का सांगा."

आवाज संपला. कुणाला काही वेगळं वाटलं नव्हतं. अध्यक्ष म्हणाले, "तेच तर आहे."

"तेच नाही. सगळी वाक्यं मी जागची हलवून घेतलीत. सकाळी जे शेवटी होतं ते आत्ता तुम्ही सुरुवातीला ऐकलंत, आणि एकाच्याही कानाला खटकलं नाही. आता हे ऐका."

केशकर्तनालयातल्या बाईचं बोलणं लागलं. "...मी म्हटलं जाऊ दे, ॲक्च्युअली कशाला बोला. ॲक्च्युअली ते तिचं नव्हतंच..." कात्री खुदकन हसला. मास्तरांनीही मान वळवली.

"हसलात ना? कारण माणूस असंच बोलतो. त्याचं पुढचं वाक्य मागच्याचा हात धरून येतं. तो ती म्हणतो, तिथे म्हणतो, मग म्हणतो. पेन ड्राइव्हमधल्या बाईने एकदाही ती म्हटलेलं नाही. दर वेळी सबंध म्हटलंय, आवाज टिपणाऱ्या बाईने. चिडून तक्रार करणारी बाई असं बोलेल? शिवाय एकाच बाईच्या तोंडी ॲक्च्युअली चार वेळा येतं आणि चारही वेळा वेगळ्या अर्थाने. एकदा समज खोडायला, एकदा चक्क म्हणून, एकदा खरोखर म्हणून आणि एकदा विषय काढायला. माणसाला एक लकब लागली की तो तीच घोळवत बसतो. हे बोलणं नाही. ही शब्दकोशातली उदाहरणं आहेत. ती लिहून कुणाकडून तरी वाचून घेतलीत, आणि ज्याने लिहिली त्याला दुसऱ्या तऱ्हेने लिहिताच येत नाही."

खोलीतल्या खुर्च्या करकरल्या.

"म्हणजे आमच्यापैकीच कुणीतरी," अध्यक्ष म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता.

"मास्तर नव्हेत. चारातले तीन अर्थ ते मानतच नाहीत. त्यांच्या हातून चक्क म्हणून ॲक्च्युअली लिहिला जायचा नाही. शिवाय सुनेचा दुस्वास ते राजरोस करतात. कात्रीही नव्हे. ही गेली तर त्याची खुर्ची जाते, आणि स्वतःच्या खुर्चीशी तो कधीच बेइमानी करणार नाही."

"धन्यवाद," कात्री म्हणाला.

"आभार मानू नका, ही काही स्तुती नव्हती. राहिला तो, ज्याने यंत्रं यायच्या आधी याच वाक्यांवर आयुष्य काढलं. खिडकीपाशी बसून." दुभाषीबाई वळल्या. "पहिल्या आवाजाची वाक्यं तुम्ही चुटकीसरशी हलवलीत, कानसेन. ती कुठेही बसतात हे तुम्हाला न ऐकताच माहीत होतं."

कानसेन उठला. त्याच्या चेहऱ्यावरचं दिवसभराचं हसू कुठच्या कुठे गेलं होतं. "तर्क आहे हा सगळा. बाई कोण ते सांगा. आवाज कुणाचा? आहे पुरावा?"

"नाही," दुभाषीबाई म्हणाल्या, आणि त्यांनी टेबलावरचा फोन जवळ ओढला. "पण कारण न विचारता असं वाचून देईल ती बाई घरचीच असणार. तुमच्या घरचा नंबर कचेरीच्या यादीत आहे. मी अजून फिरवलेला नाही. फिरवू?"

६

दुभाषीबाईंनी फोन स्पीकरवर टाकला. घंटी वाजत होती. कानसेनने फोनकडे हात नेला, पण मधे मास्तर येऊन उभे राहिले. सुनेसाठी त्यांनी एवढं केलेलं कुणी कधी पाहिलं नव्हतं, आणि बहुधा पुढेही कुणी पाहणार नव्हतं.

"हॅलो?"

त्या एका शब्दाने खोलीतला प्रत्येक जण ताठ झाला. तोच आवाज होता.

"मी शब्दकोशाच्या कचेरीतून बोलतेय," दुभाषीबाई म्हणाल्या.

"अग्गबाई! हो का?" पलीकडची बाई हरखून गेली. "पसंत पडलं का हो माझं? मी विचारणारच होते ह्यांना. तीनदा वाचून घेतलं हो माझ्याकडून. म्हणाले, नव्या पुस्तकात आता आवाज असतात, एक आवाज तुझा घालू. वीस वर्षं लिहीत होते ना, कधी वाचून दाखवलं नाही मला. म्हटलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलंय, तर नीट वाचावं. ते घड्याळाचं वाक्य जरा जोरात झालं का?"

दुभाषीबाईंनी फोनच्या माइकवर तळहात ठेवला. अध्यक्षांनी नजर टेबलावर खिळवली.

"तिला काही सांगू नका," कानसेन पुटपुटला. मग तो फिरतीबाईकडे वळला आणि त्याचा तोल सुटला. "तू रस्त्यावर यंत्र धरतेस आणि कुणीही उठून काहीही बरळतं, ते छापायचं! मी एकेक वाक्य चार चार दिवस घासत होतो. एक वाक्य नाही ठेवलं माझं. एक!"

"मला माहीत होतं तुमची वाक्यं काढतायत," फिरतीबाई म्हणाली. "तुमच्यासाठी मी मास्तरांशी भांडले होते. तुम्हाला कुणी सांगितलं नसेल."



"हॅलो? कुणी आहे का?" फोन म्हणाला. "मी काही चुकले का वाचताना?"

फिरतीबाई उठून टेबलापाशी आली आणि तिने माइकवरचा तो हात बाजूला केला. दुभाषीबाईंना वाटलं, ही आता काहीतरी गोड बोलेल, बाईची समजूत काढेल. तिचा चेहरा पाहिल्यावर तसं वाटेना.

"तुम्ही छान वाचलंत, काकू," ती म्हणाली. "आवाज टिपणारी बाई ती मीच. मी कुणाला घड्याळ दिलेलं नाही. तुमच्या आवाजावर आज माझी नोकरी जात होती आणि माझं दोन वर्षांचं काम पुसलं जाणार होतं. तुमच्या यजमानांनी ते त्यासाठीच वाचून घेतलं."



"मला तर ते म्हणाले..." बाईंनी वाक्य पुरं केलं नाही. "आहेत का तिथे?"

"आहेत."

"द्या."

फिरतीबाईने रिसीव्हर उचलून कानसेनपुढे धरला. अध्यक्षांनी घसा खाकरला आणि राजीनाम्याबद्दल काहीतरी बोलायला सुरुवात केली, पण बहिणीने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते गप्प झाले. टेबलावरची किल्ली फिरतीबाईने उचलून पर्समध्ये टाकली. कानसेनने दोन्ही हातांनी रिसीव्हर धरला, सगळ्यांकडे पाठ केली आणि अगदी हलक्या आवाजात बोलायला लागला.

"ॲक्च्युअली ना, त्याचं असं झालं..."

फोन पलीकडून केव्हाच ठेवलेला होता.